आधी नाना, मग वऱ्हाड

पुण्यात लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि नाना एकदमच बुक करावे लागतात. वऱ्हाड ज्या लॉजवर उतरणार, तिथे आदल्या दिवशी जाऊन नाना ढेकूण पाहून येतात. मानधन घेत नाहीत. चहा मात्र लॉजवाल्याचाच.

"साहेब, आमच्याकडे ढेकूण नाहीत."

"मग बघायला कितीसा वेळ लागणार?" म्हणत नाना चावीसाठी हात पुढे करतात.

खोलीत शिरल्यावर पिशवी थेट बाथरूममध्ये. पलंगावर टेकवायची नाही. पडदे ओढले, दिवा घालवला, की टॉर्च बाहेर येतो. चादरीचा कोपरा उचलून वाचनालयाचं जुनं कार्ड गादीच्या शिवणीतून सावकाश फिरतं. नाना ढेकूण शोधतच नाहीत. ते शोधतात शाई झिरपल्यासारखे काळे ठिपके आणि टाकलेली कात. "मोठा होईतो 5 वेळा कात टाकतो लेकाचा! पुरावा सोडतोच." मग रूमबॉयला पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीपासून ओढायला लावतात. तो बिचारा ओढतो.

हे शिक्षण सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं. खाटेच्या सांध्यांत रॉकेल, घरभर टिक ट्वेंटीचा वास आणि मे महिन्यात गच्चीवर गाद्या.

मॅनेजर आपल्या स्वच्छतेचं कौतुक सांगू लागला, की नाना थांबवतात. "ढेकणाला माणसाची ऊब कळते, श्वास कळतो. तुमची फिनेलची बाटली कळत नाही. तो गिऱ्हाइकाच्या बॅगेतून येतो, दरपत्रक वाचून नव्हे."

चहाबरोबर पंचतंत्र येतं. राजाच्या बिछान्यातल्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेने अग्निमुख ढेकणाला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. तो राजाला चावून पळाला आणि मारली गेली ती. पाहुणे घरी न उतरवता लॉजवर का उतरवावेत, हे नाना यावरून सिद्ध करतात. पुण्यात ते पटायला वेळ लागत नाही.

ढेकणामुळे माणसात रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं मी एकदा म्हणालो. "रोग नाही हो, अब्रू जाते," नाना म्हणाले. व्याही मांडवात खाजवत उभे राहिले तर मुलीच्या बापाचं काय होईल, ते डोळ्यांपुढे आलं आणि मी गप्प बसलो.

तुमच्याकडे कार्य असेल तर नानांना आदल्या दिवशीच सांगा. वऱ्हाड आल्यावर मॅनेजर त्यांना वर सोडत नाही.