भाड्यातून हप्ता : अंबडच्या होतकरू घरमालकांसाठी मार्गदर्शिका

प्रथम पत्त्याची खात्री करावी. महाराष्ट्रात अंबड एकच नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबडला मत्स्योदरी देवी आहे, नाशिकच्या अंबडला एमआयडीसी आहे. नवस पहिल्या ठिकाणी बोलावा, घर दुसऱ्या ठिकाणी घ्यावे. क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. घर घेतल्यावर नवस आपोआप सुचतो.

ही मार्गदर्शिका ज्यांच्या खात्यात नुकतीच पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा व्हीआरएसची रक्कम जमा झाली आहे, अशा सद्गृहस्थांसाठी आहे. उभा जन्म मशीनसमोर उभे राहून गेल्यावर माणसाला बसून खावेसे वाटते, आणि नेमका त्याच सुमारास मेहुणा घरी येतो. "दाजी, एक फ्लॅट घेऊन टाका. हप्ता भाड्यातूनच निघून जाईल." हे वाक्य सिडको, अंबड, सातपूर या पट्ट्यात इतक्या श्रद्धेने उच्चारले जाते की त्यावर गणित करणे हे पाखंड ठरावे. तरीही एकदा करू. समजा, फ्लॅट ३० लाखांचा आहे. ६ लाख रोख भरले, २४ लाखांचे कर्ज काढले. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २०,८०० रुपये बसतो. भाडे ९,००० धरू. म्हणजे हप्ता भाड्यातून निघतो हे खरेच आहे; भाडे संपल्यावर उरलेले ११,८०० तेवढे ईपीएस-९५च्या पेन्शनमधून काढायचे, जिची किमान रक्कम हजार रुपये आहे. निवृत्त माणसाला बँक वीस वर्षांचे कर्ज देत नाही, म्हणून ते मुलाच्या नावावर घ्यावे आणि त्याला सांगावे, "बाबा, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय." मग गणिताचा कागद फाडून टाकावा. पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.

नव्या फ्लॅटपेक्षा सिडकोतले जुने रो-हाऊस स्वस्तात मिळते असे कुणीतरी सांगेल. जरूर बघावे. सिडकोने सहा योजनांमध्ये नाशिकच्या कामगारांसाठी ही छोटी, आटोपशीर घरे बांधली. नंतर मालकांनी पुढचा ओटा आत घेतला, मागची मोरी वर नेली, जिना बाहेर काढला आणि वर एक मजला चढवला. आता सिडकोचे मूळ घर कुठे संपते आणि आपली हौस कुठे सुरू होते हे सांगू शकेल असा माणूस गल्लीत एखादाच उरला आहे. पण तो बोलत नाही, कारण त्याचाही जिना बाहेर आलेला आहे. जमीन मुळात सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली. तेव्हा भाड्याने द्यायला घर घेणारे आपण स्वतःच सिडकोचे एक प्रकारे भाडेकरू ठरतो. यात अपमान मानू नये. पुढे जे होणार आहे त्याची ही सवय समजावी.

आता नूतनीकरण. हा या विद्येचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करणार नाही.

जुन्या फरश्या फोडायला घेतल्या की अंबड परिसरातली पहिली अडचण समोर येते : वेळ. इथली अर्धी गल्ली तिसऱ्या पाळीहून सकाळी येऊन झोपते. दिवसा हातोडा पडला की समोरच्या खिडकीतून बनियनवरचा एक गृहस्थ डोकावतो आणि शांतपणे विचारतो, "काका, झोपू देता का?" तो शांत असतो म्हणूनच भीती वाटते. बरे, रात्री फोडाव्यात तर उरलेल्या अर्ध्या गल्लीला सकाळची पहिली पाळी गाठायची असते. या दोहोंच्या मध्ये, पाळी बदलताना, गल्लीत सायकली-मोटारसायकलींची ये-जा चालते तेवढा थोडा वेळ सगळे जागे असतात. फोडकाम त्या वेळात करावे. अडचण एवढीच की मिस्तरी त्याच वेळी चहाला गेलेला असतो.

मिस्तरीविषयी थोडे अधिक. अंबडमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. केसाहून बारीक फरक बोटाच्या टोकाने ओळखणारा टर्नर इथल्या शेडमध्ये बसतो. त्याच्या हाताखालून गेलेले सुटे भाग देशभरच्या गाड्यांमध्ये फिरत असतात. पण नहाणीचा उतार जाळीकडे काढणारा माणूस या संपूर्ण औद्योगिक वसाहतीत सापडत नाही. पाणी जाळीला वळसा घालून दाराकडे येते आणि दारातून हॉलमध्ये. मिस्तरीला दाखवले तर तो खाली वाकून बघतो, पायाने पाणी जाळीकडे ढकलतो आणि म्हणतो, "जातंय की." हे वाक्य पाठ करून ठेवावे. पुढे भाडेकरूने हीच तक्रार केली की आपल्याला उपयोगी पडते.

फॅब्रिकेशन मात्र मनसोक्त करून घ्यावे. ग्रिल, सेफ्टी डोअर, जिन्याचे रेलिंग, सज्ज्यावरची जाळी, जे सुचेल ते. या कामाला अंबडसारखी जागा नाही, आणि वेल्डर दुपारी येतो म्हणाला तर दुपारीच येतो. बांधकामाच्या क्षेत्रात हा चमत्कारच. काही घरमालक याच आनंदात इतके लोखंड लावतात की घर भाड्याने द्यायचे आहे की त्यात कुणाला डांबून ठेवायचे आहे, हा प्रश्न घर बघायला आलेल्यांना पडतो.

ओलीबद्दल दोन संप्रदाय आहेत. एक विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणारा, दुसरा केमिकल लावणारा. कोबावाला केमिकलवाल्याला चोर म्हणतो, केमिकलवाला कोबावाल्याला अडाणी म्हणतो. दोघेही सामाईक भिंतीकडे बोट दाखवून ओल मुळात शेजाऱ्याची आहे असे सांगतात. या एका मुद्द्यावर त्यांचे एकमत आहे. शेजाऱ्याला विचारले तर त्याच्याकडे आलेल्या मिस्तरीनेही हेच सांगितलेले असते, फक्त बोट उलट दिशेला. वॉरंटी दोघेही देतात, ती पहिल्या पावसापर्यंत टिकते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की नाशिककर गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले ते बघतात. घरमालकाने तिकडे जाऊ नये. त्याने आपल्या घराच्या छताकडे बघावे आणि डाग पंख्यापासून किती अंतरावर आहे ते मनात मोजून ठेवावे.

रंग फिकट लावावा असे पेंटर म्हणेल, गडद लावावा असे बायको म्हणेल. दोन्ही ऐकून न ऐकल्यासारखे करावे. भिंतीवर पुढे येणार आहे ते असे : कॅलेंडरचा खिळा, त्या शेजारी आधी चुकलेल्या खिळ्याची भोके, टीव्हीच्या ब्रॅकेटचे चार खड्डे, देव्हाऱ्यावरची उदबत्तीची काजळी, आणि पोराची उंची दरवर्षी मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा. यावर कोणताही रंग चालतो, कारण कोणताही टिकत नाही.

रंगाचा खर्च वाचवायचा एक राजमार्ग आहे. भाडेकरू खानदेशातला बघावा. सिडको-अंबड भागात जळगाव-धुळ्याची मंडळी भरपूर आहेत, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई देवी बसते. त्याआधी घर घासूनपुसून, रंगवून लख्ख होते, तेही आपण न सांगता. त्या दिवसांत एवढे भाऊबंद जमतात की करारातली 'चार व्यक्ती' ही अट वाचून दाखवण्याची ती वेळ नव्हे. आणि मालक झालो म्हणून नैवेद्याचा रोट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, तो भाऊबंदांचाच. जेवायला बोलावले तर मात्र जावे. भाड्याच्या व्यवहारात मिळणारा हा एकमेव निव्वळ नफा आहे.

खानदेशी कुटुंब मिळाले नाही तर बॅचलर येतील. दारावर 'फक्त फॅमिली' अशी पाटी लावून दोन-तीन महिने घर रिकामे ठेवून बघावे. मग पाटी आपोआप पडते. एजंट तीन मुले घेऊन येईल, तिघेही नम्र, कंपनीचे ओळखपत्र गळ्यात. महिन्याभराने पाण्याची टाकी दुपारीच रिकामी का होते हे बघायला जावे तर दारात चपलांचा ढीग दिसेल. विचारल्यावर उत्तर मिळेल, "मालक, एका वेळी तिघंच असतात." हे खोटे नसते. खाटा तीन, पाळ्या तीन. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच गादीवर पडतो. गादी कधी थंड होत नाही. वर्षानुवर्षे उत्पादकतेवर व्याख्याने ऐकलेल्या निवृत्त कामगाराला यात दोष काढता येणार नाही. आपला प्लांट कधी असा शंभर टक्के क्षमतेने चालला होता का?

करार. महाराष्ट्रात घरमालकांची एक प्राचीन समजूत आहे की अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याच्या कलम ५५ ला ही समजूत माहीत नाही. त्याच्या मते करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो, जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटी भाडेकरू सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक शुल्क मुख्यतः एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात हजार रुपये. एवढे वाचवण्यासाठी लोक इतका धोका का पत्करतात, हे मला कधी कळलेले नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यावी. तिथे फॉर्मवर 'एकूण व्यक्ती' असा रकाना असेल तर पाळीची वेळ नमूद करायची सोय नाही, हे ध्यानात असू द्यावे.

ज्यांना कायद्याचे महत्त्व पटत नाही त्यांनी एक रविवार जुन्या नाशकात घालवावा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, मग मालकाने वाडा दुरुस्त करणे सोडले आणि भाडेकरूने वाडा सोडणे सोडले. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, दोघेही त्या दारावरच राहू देतात. नव्या कायद्यात जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येते. दहा रुपयांचे दहा रुपये चाळीस पैसे. सुट्या पैशांची व्यवस्था करून जावे.

कराबाबत थोडक्यात. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून, भरलेली घरपट्टी वजा करून, दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते. नहाणी तीनदा फोडली तरी तीसच टक्के, एकदाही फोडली नाही तरी तीसच. सरकारला उताराचे काही देणेघेणे नाही.

शेवटी घर रिकामे होते. डिपॉझिटमधून वीजबिल कापायचे, रंग कापायचा, तुटलेला नळ कापायचा. भाडेकरू म्हणतो नळ आधीपासूनच तुटलेला होता, आणि तो खरे बोलत असतो. मुदत संपूनही तो हललाच नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क मागता येते. हा आकडा मनातल्या मनात गुणून बघायला छान वाटतो.

इतके सगळे पार पडल्यावर मेहुणा परत येईल. या वेळी त्याच्याकडे सिंहस्थ असेल. "दाजी, २०२७ चा कुंभमेळा आहे, भाव गगनाला जाणार." २०१५ ला कोण काय म्हणाले होते त्याची त्याला आठवण करून देऊ नये, कारण तेव्हाही तोच म्हणाला होता. पाथर्डी फाट्याला एक टू-बीएचके आहे, मालक घाईने विकतोय, किंमत बरीच खाली आली आहे. मालक कुणीतरी निवृत्त माणूस आहे म्हणे. तो का विकतोय ते विचारू नये. नहाणीत मात्र बादलीभर पाणी ओतून बघावे.