थकबाकी दहावीच्या नावावर

कल्याणजवळच्या मोहने गावातली एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. त्या साली जन्मलेली पोरं २०२५ च्या आसपास दहावीला बसली. मधल्या काळात कामगारांची देणी वर्षानुवर्षं तारखांत अडकली. मग काही घरांनी वसुलीचा जवळचा मार्ग शोधला: कंपनी देत नाही ना, पोराकडून घ्या. व्याजासकट, नव्वद टक्के!

‘आम्ही तुला काही कमी पडू दिलं का?’ या प्रश्नाला पोरानं काय उत्तर द्यायचं? ते गप्प बसतं. मग त्याचं डोकं दुखतं, पोटात कळ येते, ताट पुढं सरकवलं तर ते उठून जातं. आई-बापांचं निदान तयारच असतं: मोबाइल! तो काढून घेतला जातो आणि क्लासचा ग्रुप बघायला संध्याकाळी परत दिला जातो.

एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी धास्तीचं कारण सांगितलं ते अभ्यास, परीक्षा आणि निकाल. पोरं सांगतायत, ऐकणाऱ्यांचा पालक मेळावा चालू आहे.

सरकारही काळजी करतंच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं बजावलं, सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगमध्ये घेऊ नका. मोहन्याजवळच्या आंबिवलीहून लोकल पकडून कल्याणला उतरा, पाटी दिसते: ‘आठवी, नववी, दहावी प्रवेश सुरू’! आपल्याकडे सोळावं आठवीतच लागत असावं.

झोपेचंही तसंच. या वयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, झोप मात्र आठ-दहा तास लागते. राज्यानं २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आत शाळा भरवू नका म्हटलं, पण चौथीपर्यंतच्या. पाचवीत गेलं की झोपेची गरज संपते, असं शासनाचं मत दिसतं. उरलेली कसर पहाटेचा क्लास भरून काढतो. वर सल्ला असतोच, ‘रोज ध्यान कर.’ म्हणजे आणखी एक तास गेला.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. पोरानं लावावा कसा? मोबाइल कपाटात. तेव्हा पहिला फोन बापानंच लावावा. ‘पोरगं ऐकत नाही’ हे सांगायला नव्हे. नोकरी गेली तेव्हा आपल्याला काय झालं होतं, ते एकदा कुणाला तरी सांगायला.