श्वानरस्सा: चिखलदरी पद्धत

चिखलदऱ्यात गॅसवर काही चढवायचं तर आधी भीमाला नमस्कार करावा. इथल्या समजुतीप्रमाणे वैराट म्हणजेच विराटनगरी. तिथल्या मुदपाकखान्यात त्याने बल्लव नावाने झारा फिरवला, कीचकाला मारून दरीत लोटलं, आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. पुढे पांडवांच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत एक कुत्रा चालत गेला. त्याला या आचाऱ्याने कधी नळीचा रस्सा पाजला होता का, यावर व्यास गप्प आहेत. सांधे मात्र शाबूत असणार. तो कुत्रा साक्षात धर्म होता, ही पळवाट झाली.

शहरात नळीच्या रस्स्याला ‘बोन ब्रॉथ’ म्हणतात. आपण पाया म्हणतो, पण पाया म्हटलं की बरणीला भाव येत नाही.

पहिली पायरी परतवाड्यात, खाटकाकडे. नळ्या, गुडघे आणि खूर मागावेत. कूर्चा तिथेच असते आणि रस्स्याला चिकटपणा तीच देते. ‘कुत्र्यासाठी’ हा शब्द उच्चारू नये. उच्चारला की कागदात नुसती चरबी येते. न उच्चारल्यास “गुरुजी, पावने आले का?” असा प्रश्न येतो. “हाव, म्हातारे हायेत, दात नाहीत,” असं उत्तर द्यावं. आमच्या मोत्याच्या बाबतीत ते खोटंही नाही.

घाट चढून आलात की विज्ञान आडवं येतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, त्यामुळे पाणी इथे ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात मंद आचेवर रस्सा दिवसभर रटरटत बसतो. सिलिंडरची काळजी असेल त्याने कुकर लावावा. दोन-अडीच तासांत काम होतं. चमचाभर व्हिनेगर घातलं की हाडातलं कॅल्शियम उतरतं म्हणे. उतरतं ते नावापुरतं.

अवघड पायरी यापुढे. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, मीठ नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे इथे तडजोड चालत नाही. पण वऱ्हाडातल्या घरात मटणाचं भांडं चढलंय आणि लसूण सोलला जात नाही, हे दृश्य कुठल्याही मायला सोसत नाही. आमची माय उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “माणसाले वरण, अन् कुत्र्याले नळी? वरून तेबी आळणी! काहून छळतं रे त्याले?”

रस्सा गाळावा, थंड करावा. वर गोठलेली चरबी काढून टाकावी. जास्त चरबीने कुत्र्याचं स्वादुपिंड बिघडू शकतं. खाली खरवसासारखं थरथरतं ते कामाचं. शिजलेली हाडं देऊ नयेत. त्यांच्या फांसा निघतात आणि घशात, आतड्यात रुततात. ती खोल पुरावीत, आणि पुरताना मोत्याला कोंडावं.

आता फायदे. केस चमकतात, गुडघे तरुण होतात, असं बरणीवर छापलेलं असतं. पोटात मात्र या रस्स्याचं इतर प्रथिनांसारखंच पचन होतं; ‘मी गुडघ्याचा’ असा दाखला दाखवून तो थेट गुडघ्यात जात नाही. खरा फायदा वासाचा आणि पाण्याचा. ऐन पावसाळ्यात, चार-चार दिवस धुकं हटत नाही तेव्हा, मोत्या पोत्यावर पडून असतो. ना भाकरीला तोंड लावतो, ना पाण्याला. भाकरी कुस्करून त्यावर दोन डाव कोमट रस्सा ओतला, तर आधी नाक हलतं, मग शेपूट, मग सगळा मोत्या उठतो. ताटली चाटून झाल्यावर तिला ढकलत भिंतीपर्यंत नेतो.

हा कार्यक्रम दिवसाउजेडी आणि दार लावून करावा. मेळघाटात वास एकट्या कुत्र्याला येत नाही. बिबट्याला रस्सा नको असतो. रस्सा प्यालेला कुत्रा चालतो.

उरलेला रस्सा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, असं मी समजत होतो. दुसऱ्याच दिवशी पातेलं अर्धं झालं होतं. ओट्यावर लसणाची सालपटं पडलेली, कढईला लाल तर्री चिकटलेली. माय काही बोलली नाही. शनिवारी मी परतवाड्याची पिशवी घेतली तेव्हा आतून आवाज आला:

“मोत्याच्या नळ्या आणजो. चार जास्त आणजो.”