दर्शनी भागातल्या दोन महाशयांस

प्रति,
श्री. डावे यूएसबी व श्री. उजवे यूएसबी,
मुक्काम : कॅबिनेटचा दर्शनी भाग, पॉवर बटणाच्या खाली,
टायपिंग-झेरॉक्सचं दुकान, बडकस चौकाजवळ, महाल, नागपूर

विषय : हजेरी लावून काम न करणे

महोदय,

स. न. वि. वि.

आपण दोघं मजेत असालच, कारण आपल्याला काम नाही. तोंडावरचा पत्रा अजून चमकतो, वरचं त्रिशूळाचं चिन्ह शाबूत आहे, आणि दुकानात शिरणाऱ्याची नजर आधी आपल्यावरच जाते. गिऱ्हाईक येतं, खिशातून पेन ड्राइव्ह काढतं आणि मला न विचारता श्री. डाव्यांच्या तोंडात सारतं. मग आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसतो.

"येऊन राहिलं का जी?"

"थांबा, येईल."

येत नाही. कधी नुसतीच शांतता, तर कधी ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ असा फुगा कोपऱ्यात वर येतो. गिऱ्हाईक ड्राइव्ह काढतं, फुंकर मारतं, शर्टाला पुसतं, उलटा घालून पाहतं आणि शेवटी ओशाळून म्हणतं, "माह्याच पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस असन बापा." आपल्यावर संशय घेणारा माणूस महालात मला अजून भेटायचा आहे. काम आपण बुडवायचं आणि बदनामी पेन ड्राइव्हची! ही कला मोठमोठ्या पुढाऱ्यांना जमत नाही.

"एवढा जुना डबा ठेवता काऊन? नवा घ्या ना," असं लोक सांगतात. त्यांचं काय जातं? याच डब्यात पानं मांडायचं पेजमेकर आहे, मराठी अक्षरांची श्रीलिपी आहे, आणि कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका, तेरवीची पत्रं, गणेश मंडळांच्या पावत्या त्याच जुन्या फॉन्टात साठलेल्या आहेत. नव्या मशीनवर उघडल्या, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा पडतो. श्रीलिपी ज्याच्याशिवाय उघडत नाही ते किल्लीवजा डोंगल मागच्या पोर्टात लावलेलं आहे. ते कोणाला दिसत नाही, पण ते आहे म्हणून दुकान आहे. ते बिचारं भिंतीकडे तोंड करून काम करतं आणि आपण गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसता.

आपल्या कुळाची मला माहिती आहे. यूएसबीचं पहिलं मानक १९९६ सालचं. त्याआधी प्रिंटरला एक खाच, मॉडेमला दुसरी, माउसला तिसरी, असा कारभार होता. ते सगळं एका खाचेत आणणाऱ्या इंटेलच्या मंडळींमध्ये अजय भट्ट होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. प्लग दोन्ही बाजूंनी लागेल असा करायचा, तर तारा आणि सर्किट दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. म्हणजे गायकवाडांच्या बडोद्यात शिकलेल्या माणसाची काटकसर भोसल्यांचा महाल अजून भोगून राहिला! पण भट्टांचा हिशेब तेवढ्यावर मिटतो. बाकीची काटकसर कॅबिनेट बनवणाऱ्यांनी केली, आणि ती आपल्या पाठीमागे दडली आहे.

मागचे पोर्ट मदरबोर्डलाच डाग देऊन पक्के केलेले असतात. आपलं तसं नाही. आपल्या पाठीतून एक बारीक केबल निघते, पॉवर सप्लायच्या तारांच्या जंजाळातून वाट काढत मदरबोर्डच्या तळाशी जाते आणि तिथल्या नऊ पिनांच्या एका छोट्या ठोकळ्यावर नुसती खोचलेली असते. लाल तार पाच व्होल्टची, काळी अर्थिंगची, पांढरी आणि हिरवी माहिती वाहणाऱ्या. यूएसबी २.० म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि प्रत्येक पोर्टला ५०० मिलिअँपिअर करंट, असा करार आहे. तो या सुतळीवजा केबलीवरून पाळायचा! एक्सटर्नल हार्ड डिस्क लावली की ती टिक-टिक करते, फिरायला लागते, दमते आणि गप्प होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. आमच्या महालातलं गांधी गेट पाहा. भोवतालची तटबंदी कधीच गेली, दरवाजा मात्र दिमाखात उभा आहे. आपलंही तेच झालं आहे.

तरीही एकतर्फी निकाल नको म्हणून मी रीतसर चौकशी केली. पहिला साक्षीदार पेन ड्राइव्ह. तोच मागे लावला, तर क्षणात उघडला. तो निर्दोष सुटला. मग डिव्हाइस मॅनेजरमधले यूएसबी कंट्रोलर काढून मशीन पुन्हा चालू केली, म्हणजे विंडोज ते स्वतःच परत बसवते. (हे करताना माउस-कीबोर्ड यूएसबीचे असतील तर तेही मधेच हात वर करतात. माझे जुन्या गोल पिनांचे आहेत, जुनेपणाचा एवढा तरी फायदा.) विंडोजकडेही दोष निघाला नाही. दोन्ही पोर्ट एकदम मेले, तर केबल ठोकळ्यावरून निसटलेली असते. एकच मेला, तर त्याची स्वतःची खाच खराब. आपण दोघं आलटून पालटून मरत होता, म्हणून डबा उघडणं भाग पडलं.

प्लग काढला, पॉवर बटण दाबून धरून उरलासुरला करंट घालवला आणि बाजूचा पत्रा सरकवला. आत आमचा उन्हाळा साठलेला होता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुकानात कूलर दिवसभर ओला वारा फेकतो आणि रस्त्याची धूळ त्या वाऱ्यावर बसून आत येते. धूळ आणि ओल मिळून पिनांवर हिरवट थर चढतो. एवढ्यापुरती आपली बाजू मी मान्य करतो. शिवाय आपली खाच १५०० वेळा घालाकाढायला टिकावी, एवढीच मानकाची अपेक्षा. दिवसाला दहा पेन ड्राइव्ह धरले, तर पाच महिन्यांत आपण निवृत्तीला आलात. त्यानंतरची आपली सेवा मुदतवाढीवर आहे, हेही खरं.

पण टॉर्च मारल्यावर जे दिसलं, त्याला माफी नाही. श्री. डाव्यांची प्लास्टिकची जीभ तुटलेली, आणि एक पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली. म्हणजे शॉर्ट! मागच्या आठवड्यात परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, पोरं दारापर्यंत उभी होती, आणि मशीन सुरू होताच काळ्या पडद्यावर ‘ओव्हर करंट’चा इशारा आला, पंधरा सेकंदांनी सगळं बंद. त्यामागे आपणच होता. मेकॅनिकने लांबूनच सांगितलं, "मदरबोर्ड गेला जी, नवीन टाका." आपली केबल ठोकळ्यावरून उपटली, आणि इशारा गायब! मदरबोर्ड ठणठणीत होता. त्याने बिचाऱ्याने जास्त करंट ओढला जातोय हे ओळखून वेळेवर दार बंद केलं होतं. चार-सहा प्लेट तर्री-पोह्यांच्या पैशांत नवी केबल मिळते, तिथे मदरबोर्डची किंमत मागितली गेली.

ती नवी केबल कुठेही खोचून चालत नाही, हे शेजारच्या दुकानदारांच्या माहितीसाठी लिहितो. काही जुन्या मदरबोर्डांवर यूएसबीच्या शेजारीच हुबेहूब तसाच नऊ पिनांचा फायरवायरचा ठोकळा असतो, आणि त्यातून बारा व्होल्टपर्यंत करंट येतो. तिथे खोचली की पेन ड्राइव्हचा वासच येतो. बोर्डावरचं बारीक छापील नाव वाचावं, वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, मागे महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे, म्हणजे बडगे, निघतात. यंदा आपलाही बडग्या काढावा, असं मनात आलं होतं. पण बडग्या होण्यासाठी आधी लोकांनी दोष ओळखलेला असावा लागतो, आणि आपल्या बाबतीत गल्ली अजून पेन ड्राइव्हलाच शिव्या देते.

सबब आदेश असा की, श्री. डावे यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. श्री. उजवे यांच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही. मात्र दोघांच्या तारा एकाच प्लगमध्ये असल्याने त्यांनाही घरी बसावं लागेल. सोबतीचे एवढे परिणाम होतातच. मागच्या पोर्टातून एक्स्टेंशनची वायर काउंटरवर आणलेली आहे. गिऱ्हाइकांनी तिथेच लावावं. आपल्या दोघांच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आहे.

या आदेशाविरुद्ध काही म्हणणं असल्यास आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा. तो पेन ड्राइव्हवर देणार असाल, तर कृपया मागच्या बाजूला लावावा.

कळावे,

आपला,
दुकानदार