पोलिसांचं आहे, डोळे झाकून घ्या!

आपल्याकडे जुनी गाडी विकणारा एजंट ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणतो आणि किंमत वाढवून सांगतो. अमेरिकेत जुनं रिव्हॉल्व्हर विकणारा ‘पोलिसांचं आहे’ म्हणतो. भरवसा तोच: मालक सज्जन, वापर बेताचा.

वापर खरोखरच बेताचा असतो. स्मिथ अँड वेसनचं ‘मॉडेल १०’ घ्या. पॉइंट अडतीस, सहा गोळ्या. शिपायाच्या कमरेला वर्षानुवर्षं लटकून नळीच्या तोंडाचा काळा-निळा मुलामा उडालेला, लाकडी मुठीचे टवके गेलेले. आतलं यंत्र मात्र जवळजवळ कोरं. जाणकार गिऱ्हाईक घोडा हळूच ओढून सिलिंडरचं प्रत्येक घर नळीसमोर बरोबर येऊन अडकतं का ते बघतं, आणि एखाद्या खात्याचा शिक्का सापडला की लग्न जमल्यासारखं खूश होतं.

हा माल बाजारात आला कसा? १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर रिव्हॉल्व्हर मागासलेलं ठरलं आणि खात्यांना पिस्तुलं हवीशी झाली. पैसे कमी पडले, तेव्हा जुनी हत्यारं विक्रेत्याला देऊन नव्यांवर सूट घेतली. करदात्याच्या पैशातून घेतलेलं हत्यार करदात्यालाच पुन्हा विकायचं, याला तिकडे काटकसर म्हणतात.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: तुम्ही फरार आहात का? ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची. फरार माणूस खोटं बोलणार नाही, यावर सरकारची श्रद्धा दिसते. नंतर नोंदी तपासतात, हे खरं. पण त्याच गिऱ्हाइकाने पुढे ते हत्यार शेजाऱ्याला विकलं, तर केंद्राचा कायदा तेवढीही तपासणी मागत नाही. काही राज्यांनी आपले नियम केलेत, तेवढाच दिलासा.

२०२४ मध्ये तिकडच्या पत्रकारांनी सरकारी नोंदी बाहेर काढल्या. २००६ पासून गुन्ह्यांच्या तपासात सापडलेली ५२ हजारांहून अधिक हत्यारं कधीकाळी पोलिसांची होती. त्यांतली काही चोरीला गेलेली, काही हरवलेली, तर काही रीतसर विकलेली. नोकरीत नुसती लटकली, त्यांना निवृत्तीनंतर काम मिळालं!

पण मानाचं पान न्यू ऑर्लिन्सला. बंदुका पुरेशा सुरक्षित नसतात, असं म्हणत या शहराने १९९८ मध्ये बंदूक कंपन्यांवर खटला भरला. मग उघड झालं की शहराने स्वतःच पोलिसांची जुनी आणि गुन्हेगारांकडून जप्त केलेली हत्यारं देऊन नवी ग्लॉक पिस्तुलं घेतली होती. लुईझियानाच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये कायदा करून असे खटलेच बंद केले आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. जुनी हत्यारं विकण्यावर मात्र त्या कायद्याने काही बंदी आणली नाही.