हळदीला कीड? सांगलीत?

“काकू, जरा कुंपणापाशी या हो. ही काडेपेटी उघडा. हळू, उडतो तो.”

“काय पकडून आणलंस गं सकाळी सकाळी? अगंबाई, एवढुसा! ढेकूण तर नव्हे?”

“ढेकणाला कुठले पंख? तो चपटा असतो. हा बघा, विटकरी, फुगीर, पाठीत वाकलेला. डोकं तर वरून दिसतच नाही. बोट लावा… बघा, पाय आखडून मेल्याचं सोंग!”

“आमच्या ह्यांच्यासारखा. दळण आणा म्हटलं की अस्सेच पडतात. पण ढेकूण नसेल तर त्या कोपऱ्यावरच्या ताईंनी घरभर फवारणी कशाची करून घेतली?”

“ह्याचीच! ढेकूण समजून. भांडीकुंडी बांधून बहिणीकडे राहायला गेल्या, परत आल्या तर हे खिडकीत हजर. आणि आता गल्लीभर सांगतात, आमच्या घरातून येतात म्हणून.”

“त्यांचं तोंड कोण धरणार? पण तांदळातला टोका असेल हा.”

“टोक्याला पुढे सोंड असते. पिठातला तांबडा किडा लांबट, चपटा. ह्याचं दोन्हीत बसेना, म्हणून कोल्हापूरला कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीला फोटो पाठवला. ती म्हणते, मिशा बघ. भिंगातून पाहिल्या, करवतीच्या दात्यांसारख्या! ह्याचा एक जुळा भाऊ असतो म्हणे, पण त्याच्या पाठीवर उभ्या रेघा असतात आणि मिशांच्या टोकाला तीन मोठे मणी. ह्याची पाठ गुळगुळीत. म्हणजे हा सिगारेट बीटल.”

“सिगारेट? तुमच्याकडे कोण ओढतं गं? तो मोठा हल्ली रात्री गच्चीवर…”

“काकू! तो फोनवर बोलायला जातो. तंबाखूच्या गोदामात ह्याचा उच्छाद असतो म्हणून ते नाव. निपाणीवाल्यांना विचारा. पण खायला ह्याला मिरचीपूड, धणे, सुंठ, हळद, काही चालतं. पोटात यीस्टसारखे सूक्ष्म जीव बाळगतो, ते जीवनसत्त्वं पुरवतात आणि विषारी पदार्थही पचवतात. तुतानखामेनच्या थडग्यातही सापडलाय मेला.”

“थडग्यात सापडू दे, हळदीचं नाव घेऊ नकोस. हरिपूरचं माहेर माझं. जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद राहायची, एक किडा लागला नाही कधी.”

“कारण तोंड लिंपल्यावर पेवात प्राणवायूच उरत नाही. किडा जगणार कसा?”

“ते मात्र खरं. पेव उघडलं की माणसालासुद्धा लगेच उतरू देत नसत, आधी हवा खेळू द्यायची. २००५च्या पुरात किती पेवं गेली… बरं, मग तुझ्याकडे सापडलं कुठे हे बिऱ्हाड?”

“तेच सांगायला बोलावलं. खिडकीतले मारून काही होत नाही, ते नुसते उजेडाकडे आलेले असतात. मोठा किडा काही खातसुद्धा नाही, दोन-चार आठवडे जगतो. पण मादी शंभरेक अंडी घालून जाते. खाणारी ती अळी, आणि ती कुठल्यातरी डब्यात. म्हणून सगळं स्वयंपाकघर उपसलं. पोह्यात नाही, रव्यात नाही. माळ्यावर उन्हाळ्यातल्या चटणीचं उरलेलं सामान होतं, आपण तिघींनी डंकावर कुटून आणली ना, त्यातलं. पिशवीला टाचणीएवढी गोल भोकं. आतून पोखरून बाहेर पडतात.”

“मिरच्या असतील. त्या ताईंनी ओलसर आणल्या होत्या, मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“मिरच्या संपल्या होत्या, काकू. हळकुंडं होती. भोकं पडलेली, खाली पिवळा भुगा.”

“…माझी?”

“तुमचीच. सगळी फेकली. बाकीचे मसाले आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलेत, मग घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरीन. फळीच्या फटी पुसून घेतल्या. तुम्हीही तुमचा डबा बघा.”

“बघते, बघते. आणि ऐक, हळकुंडं त्या ताईंनाही दिलीत मी. त्यांना डबा बघायला सांग, पण विचारलंच तर धण्यांतून आले म्हण. धणे त्यांचेच होते.”