खुराड्याचा कार्पेट एरिया

"मामा, ओबामाचं ठरलंय. पण कोंबडीचं काय करू?"

२००८च्या ऑक्टोबरात सनीवेलहून भाच्याचा फोन आला, तेव्हा आम्हांला वाटलं, रविवारच्या रश्श्याचा प्रश्न असेल. तसं नव्हतं. भाचा नुकताच अमेरिकेचा नागरिक झाला होता आणि पहिल्यांदाच मत देणार होता. कॅलिफोर्नियात मतदाराला नुसता नेता निवडून सुटका नाही, कायदेही करावे लागतात. पुरेशा सह्या गोळा केल्या की कोणताही प्रश्न थेट मतपत्रिकेवर. १९११ सालापासूनची ही सोय. त्या वर्षीचा दोन नंबरचा प्रस्ताव असा, की अंडी घालणाऱ्या कोंबड्या, गाभण डुकरिणी आणि कोवळ्या मांसासाठी पाळलेली वासरं यांना उठता, आडवं पडता, हातपाय पसरता आणि स्वतःभोवती वळता येईल एवढी जागा द्यायची की नाही?

म्हणजे तोवर तेवढीही नव्हती तर! भाच्याने मतदारांच्या माहितीपुस्तिकेबाहेरचीही माहिती काढली होती. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ६७ चौरस इंच यायचे, टायपिंगच्या कागदाहूनही कमी. तिने तिथेच राहायचं, खायचं, अंडं घालायचं. शेजारणींना टोचू नये म्हणून चोचीचं टोक आधीच छाटलेलं. आम्ही सुस्कारा सोडला. आमचं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत नऊ माणसांत गेलं. पण चोच शाबूत होती.

"दे रे मत कोंबडीला," आम्ही म्हणालो.

त्याने दिलं. ६३ टक्क्यांहून जास्त मतं कोंबडीच्या बाजूने पडली. त्याच राज्यात त्याच दिवशी ओबामांना मिळाली ६१. जिला मतदानाचा हक्क नाही, तिने टक्केवारीत भावी अध्यक्षांना मागे टाकलं.

त्याच मतपत्रिकेवर आणखीही काही होतं. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करण्याची मुभा न्यायालयाने काही महिन्यांपूर्वीच दिली होती. ५२ टक्क्यांनी ती काढून घेतली. कोंबडीने पंख पसरावेत, पण दोन पुरुषांनी संसार थाटू नये. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस वेगवान रेल्वेसाठी ९९५ कोटी डॉलरचे रोखेही त्याच दिवशी मंजूर झाले. कोंबडी पिंजऱ्यातून निघाली, गाडी अजून निघायची आहे.

कायद्यात जागेचा आकडा मात्र नव्हता. म्हणून एक शेतकरी कोर्टात गेला: पंख पसरायला नेमकी किती जागा लागते ते सांगा, नाहीतर कायदा रद्द करा. कोर्टाने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मग २०१८ साली दुसरा फोन. "मामा, या वेळी आकडे दिलेत!" प्रस्ताव क्रमांक बारा. कोंबडीला आधी एक चौरस फूट आणि २०२१ संपेपर्यंत पिंजरा अजिबात बंद, वासराला ४३ चौरस फूट, डुकरिणीला २४. आम्ही सवयीने भागाकार केला. १६० भागिले नऊ. कॅलिफोर्नियाच्या हिशेबाने आमच्या आईचा दर्जा डुकरिणीच्या खाली येत होता.

हा प्रस्तावही जवळजवळ ६३ टक्क्यांनी पास झाला. त्याच मतपत्रिकेवर, दोन ओळी वर, दहा नंबरचा प्रस्ताव होता: घरभाड्यावर मर्यादा घालण्याची जास्त मोकळीक गावांना आणि शहरांना द्यावी. तो ५९ टक्क्यांनी पडला.

"तू कुठे दिलंस?"

"कोंबडीला हो, भाड्याला नाही."

"का रे?"

"मामा, ते जरा गुंतागुंतीचं आहे." मधल्या काळात भाच्याने दुसरं घर घेऊन ते भाड्याने दिलं होतं, एवढीच काय ती गुंतागुंत.

कोंबडीचं तसं नसतं. ती जागा मागते दुसऱ्याच्या आवारात. ती आपल्या गल्लीत राहायला येत नाही, पार्किंग अडवत नाही, घराचा भाव पाडत नाही. डुकरीण तर त्याहून गुणी. कॅलिफोर्नियात खाल्लं जाणारं जवळजवळ सगळं डुकराचं मांस बाहेरच्या राज्यांतून येतं. आयोवात माणसं बत्तीस लाखांच्या आसपास आणि डुकरं दोन कोटींच्या वर. मांस कॅलिफोर्नियात विकायचं तर त्या डुकरांचा गोठा केवढा असावा, हे ठरवलं सनीवेलच्या भाच्याने. डुकरवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२३मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला आणि ते हरले. निकालपत्रात न्यायमूर्ती गोर्सच यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की राज्यघटनेत पुष्कळ गहन गोष्टी आहेत, पण दुकानात कोणतं मांस विकावं ही त्यांतली नाही.

पहिल्या कायद्याला अपवादही होते. औषधोपचार, वाहतूक, जत्रेतली प्रदर्शनं आणि कत्तल. त्या शेवटच्या वेळी वळायला जागा देण्याचं बंधन नाही. मागे वळून पाहण्यासारखं तेव्हा काही नसतंच म्हणा.

पण एक गोष्ट आम्हांला भाच्याकडे राहायला गेल्यावर कळली. २००८ साली कोंबडीला मत देऊन आला, त्याच आठवड्यात त्याने सगळ्यात स्वस्त अंडी आणली होती. पिंजऱ्यातल्या कोंबडीची. मोकळ्या कोंबडीची अंडी शेजारच्याच फळीवर होती. हे त्याच्या बायकोने सांगितलं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मामा, भाव बघितलास का?"

म्हणजे मत देणाऱ्या भाच्याने पिशवी घेऊन निघालेल्या भाच्याला पुरतं ओळखलं होतं. त्याच्यावर भरवसा ठेवण्याऐवजी त्याने स्वस्त अंडी दुकानातूनच हटवायची सोय केली. कायद्याने केली म्हणून झाली. नुसत्या दयेच्या भरवशावर ती कोंबडी अजून त्या कागदावर उभी असती.

परवा त्याच्याबरोबर दुकानात गेलो. फळीभर मोकळ्या कोंबड्यांचीच अंडी, एकाहून एक महाग. भाचा डाव्या बाजूला बघतो, उजव्या बाजूला बघतो. कोंबडीला आता स्वतःभोवती वळता येतं. भाच्याला कुठे वळावं ते कळत नव्हतं.